इव्हाने खुडलेलं गाजर गवत

मी गाजर गवत बोलतोय. माझी पानं गाजराच्या पानांसारखी दिसतात, म्हणून हे नाव. बाकी माझ्यात खाण्यासारखं काही नाही.

मरोळला एका पाडलेल्या कारखान्याच्या प्लॉटवर भरावाची माती टाकली, तिच्यात माझं बी होतं. एका पावसाळ्यात मी कमरेएवढा झालो. पुढच्या वर्षी अख्खा प्लॉट माझा. दुसरं गवत मी उगवूच दिलं नाही. गाय यायची, हुंगायची आणि निघून जायची.

कुंपणाला लागून इव्हा आणि इसिडोर या नवरा-बायकोचं घर. दोघंही सत्तरीपुढची. इसिडोरला जुना दमा, त्यामुळे तो खिडकीपाशी खाटेवरच असायचा. त्याला बरं वाटावं म्हणून इव्हा रोज सकाळी माझी बारीक पांढरी फुलं खुडून त्याच्या उशाशी पाण्याच्या बाटलीत ठेवायची.

"बघ, फुकटचा बुके!"

"आपल्या लग्नात पण एवढी फुलं नव्हती गं," तो हसायचा, मग खोकत बसायचा.

मला आजवर लोकांनी तुडवलंच होतं. पाणी घालणारे हात हे पहिलेच. मी सुखावलो, खोटं कशाला बोलू?

पण माझे परागकण त्याच्या छातीत जात होते. दिवसातून दोनदा लागणारा दम्याचा पंप सहा वेळा लागू लागला. इव्हाने धुळीला दोष दिला, खिडकी पुसली आणि फुलं बदलली. एका दुपारी त्याला श्वासच घेता येईना. रिक्षातून हॉस्पिटलात नेलं. तो परत आला नाही.

चौथ्या दिवशी तिचा भाचा शेर्विन आला. बाटली बघून दारातच थबकला.

"आंटी, हे कोणी आणलं? काँग्रेस गवत आहे हे. दमेकऱ्याला याचा त्रास होतो."

"मीच," इव्हा म्हणाली. "रोज."

शेर्विन गडबडला. "पण दमा जुनाच होता ना. यानेच झालं असं नाही."

ती तशीच प्लॉटवर आली आणि मला उपटू लागली.

"हातमोजे तरी घाल!" शेर्विन ओरडत राहिला.

तिने ऐकलं नाही. मी तेव्हा बियांवर आलो होतो. प्रत्येक हिसड्याला माझं बी मातीत सांडत होतं.

आता तिच्या पापण्या सुजलेल्या असतात, बोटांची कातडी जाड होऊन चिरली आहे. परवा मलम लावताना तिने शेर्विनला विचारलं, "फुलांमुळे होतंय, हे इसिडोरला कळलं असेल का रे?" शेर्विनने तिचा दुसरा हात पुढे ओढून त्याला मलम लावायला घेतलं.

माझं ऐकाल तर फुलं येण्याआधीच मला मुळासकट काढा. हातमोजे घाला, नाकातोंडावर फडकं बांधा. नाहीतर उद्या आणखी कुणीतरी मला मायेने खुडेल.