तिसरं कडवं

फ्रीज धडधडत सुरू झाला, तशी शुलमिथने रजईखालून डोकं बाहेर काढलं. मोबाइलवर रेकॉर्ड होत आलेलं तिसरं कडवं पुन्हा वाया गेलं. घाम पुसत ती उठली आणि तिने फ्रीजचं बटणच बंद करून टाकलं.

"अगं, आत करंजा बंदरावरून आणलेली सुरमई आहे," कणीक मळता मळता सासूबाई म्हणाल्या.

"पाच मिनिटं, मम्मी. सुरमई पळून नाही जात."

"दुपारपासून पाचच मिनिटं चाललीत तुझी. शब्बाथचे दिवे लागले की मोबाइल बंद, सांगून ठेवते."

शुक्रवार होता. समोरच्या इमारतीच्या टाकीवर ऊन टेकलं होतं. तिच्या आवडत्या जपानी-अमेरिकन गायिकेचं नवं रॉक गाणं आलं होतं. कडवी जपानीत, ध्रुवपद इंग्रजीत. चाहत्यांनी तिसरं कडवं आपापल्या भाषेत रचून गायचं, निवडलेले दहा आवाज नव्या आवृत्तीत घेणार. मुदत उद्या दुपारपर्यंत, पण आज दिवे लागल्यापासून उद्या रात्री शब्बाथ सुटेपर्यंत या ज्यू घरात कुणी मोबाइलला हात लावत नसे. लियोरा झोपली की एखादी ओळ, असं करत शुलमिथने तीन आठवड्यांत चार ओळी जमवल्या होत्या. लग्नानंतर तिचं म्हणावं असं एवढंच.

ती पुन्हा रजईत शिरली.

"अर्धं बोलले तुझ्या भाषेत, अर्धं ठेवलं जिभेखाली..."

पलंगाजवळ खोकला फुटला.

"आई, मी दाबून धरला होता गं," पाच वर्षांची लियोरा म्हणाली.

"दाबता येत नाही, तर इथे बसतेस कशाला? जा ना जरा!"

पुढच्या वेळी मात्र गाणं सरळ गेलं. वरचा सूर नुसता लागला नाही, टिकलासुद्धा. कुठे खुट्ट नाही. तिने एकदा ऐकलं, पाठवलं, आणि हसतच फ्रीज चालू केला.

"लियोरा?"

"तुझ्याजवळच होती ना?" सासूबाई पिठाच्या हातांनी बाहेर आल्या.

गॅलरीत नव्हती. न्हाणीघरातही नव्हती. बाहेरचं दार नुसतं लोटलेलं होतं. शुलमिथ अनवाणीच जिना उतरली. दोन मजले खाली, पायरीवर लियोरा बसली होती, फ्रॉकचं टोक तोंडात कोंबून. आईला पाहून तिने ते काढलं आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर खोकली.

शुलमिथ तिची पाठ चोळत राहिली.

"वर ऐकू नाही ना आलं?"

"नाही गं, राणी."

"मग छान झालं गाणं?"

"झालं."

लियोराने फ्रॉकचं ओलं टोक गुडघ्यावर सारखं केलं.

"मग तू गाणार असलीस की मी इथेच येऊन बसायचं का?"