बहात्तर तास

औषधभांडाराच्या प्रमुखांना अख्खं हॉस्पिटल ‘मुदतवाले’ म्हणायचं, आधी पाठीमागे आणि मग सवयीने तोंडावरही. त्यांना त्याचं वाईट वाटत नसे. औषधांच्या मुदतीची नियमावली त्यांनीच लिहिली होती. साधी औषधं सात दिवस, अँटिबायोटिक पाच, मॉर्फिन बहात्तर तास. मुदत संपली की डॉक्टरांनी नव्याने लिहून सही करायची, नाहीतर औषध बंद. आणि पेशंट घरी गेला किंवा नुसताच गेला, तर उरलेली ऑर्डर प्रमुखांनी त्याच दिवशी रद्द करायची, कारणासकट. बावीस वर्षांत एकही ऑर्डर पेशंटच्या मागे उरली नव्हती.

मग त्यांची बायकोच तिसऱ्या मजल्यावर आली. पोटातली गाठ हाडापर्यंत पोचली होती.

“बहात्तर तास?” ती पहिल्या दिवशी हसली होती. “लग्नाच्या वेळी नाही लिहिलीत काही मुदत.”

“विसरलो,” ते म्हणाले.

“नशीब माझं.”

बुधवारी दुपारी चारला तिची मॉर्फिनची ऑर्डर संपली. डॉक्टर ऑपरेशनमध्ये अडकलेले. वॉर्डातल्या सिस्टर धावत खाली आल्या.

“अहो, एक डोस द्या ना. साहेब बाहेर आले की सही घेते. घरचंच माणूस आहे तुमचं!”

“घरचं आहे म्हणूनच देता येत नाही, सिस्टर. उद्या सगळेच मागतील.”

हे वाक्य त्यांनी इतक्यांना ऐकवलं होतं की ते तोंडातून आपसूक बाहेर पडलं. मग कागद घेऊन ते स्वतःच ऑपरेशन थिएटरच्या दाराशी जाऊन उभे राहिले.

डॉक्टर बाहेर आले, सही केली आणि म्हणाले, “अहो, आत निरोप पाठवायचात. तोंडी सांगितलं असतं.”

“तोंडी चालत नाही, सर.”

“कुणी ठरवलं हे?”

मुदतवाले इंजेक्शन आणायला भांडाराकडे वळले. घड्याळात चार चाळीस झाले होते. ते वर पोचले तेव्हा बायकोच्या उशीच्या कोपऱ्यावर दातांच्या ओल्या खुणा उमटल्या होत्या. सिस्टरनी इंजेक्शन दिलं. बायकोने त्यांच्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं.

“मिळाली सही?” तिने विचारलं. “दमला असाल.”

गुरुवारी सकाळी ती गेली. ऑर्डरचे छप्पन्न तास शिल्लक होते.

शनिवारी दुपारी ते कामावर आले. हाताखालची फार्मासिस्ट बराच वेळ घुटमळली.

“सर, काकूंची ऑर्डर अजून चालू दिसतेय. रद्द तुम्हीच करायची असते म्हणून हात नाही लावला. मी करू का?”

“किती राहिलेत?”

“तीन तास.”

“मग राहू दे. मुदत आहे अजून.”

तीन तास ते संगणकावरच्या बायकोच्या नावासमोर बसून राहिले. चहा गार झाला, कुणी उचलला नाही. चार चाळीसला पडद्यावर प्रश्न उमटला: मुदत संपली, ऑर्डर नव्याने लिहायची का? खाली दोनच बटणं होती, हो आणि नाही. ‘पेशंट गेला’ अशा तिसऱ्या बटणाची गरज नाही, असं संगणक बसवतानाच्या बैठकीत त्यांनीच सांगितलं होतं.