जयश्रीचा संख्याशास्त्राचा दुसरा डाव

जयश्री तिसऱ्या वर्षाला होती, आणि पहिल्या वर्षाचा एक विषय अजून तिच्या मानगुटीवर बसला होता. संख्याशास्त्र. गुजरातेतल्या पालिकेच्या मराठी शाळेतून ती थेट कॉलेजात आली, तेव्हा वर्गात शिकवणं चालायचं गुजरातीत, पुस्तकं इंग्रजीत. तिने सगळं पाठ केलं आणि थिअरी, प्रॅक्टिकल दोन्हीत आपटली.

"नुसती परीक्षा देऊन पास झालीस, तर दहापैकी चारच पॉइंट मिळतील," संख्याशास्त्राच्या देसाई मॅडमनी तिला नियम समजावला. "मग सरासरी सव्वासहाला अडकेल. एमएस्सीला साडेसहा लागतात. पण पूर्ण विषय पुन्हा वर्गात बसून केलास, तर जो ग्रेड मिळेल तो जुन्याची जागा घेईल. मात्र नऊच्या खाली आलीस तर उपयोग नाही."

गोडादऱ्याच्या घरी हे ऐकून तिचे वडील भटू जेवता जेवता थांबले. "पास व्हवानं शे ना? मंग परीक्षा दे नि मोकळी व्हय. ल्हान पोरीसमा बसाले लाज नही वाटस का?"

"वाटते," जयश्री म्हणाली. "पण मला पुढे शिकायचंय."

आई सरलाबाई साडीला टिकल्या लावत होती. तिने मान वर केली नाही. "बसू द्या तिले," एवढंच म्हणाली.

खरी अडचण वेगळीच होती. त्याच वर्गात तिची चुलत बहीण चंचल होती. पहिल्या दिवशी जयश्री आत शिरली, तशी चंचलने पुस्तकात तोंड घातलं. बाहेर आल्यावर कुजबुजली, "ताई, इथे मला ओळख नको दाखवूस हं. पोरी चिडवतील."

जयश्रीला झोंबलं. तरी ती रोज पहिल्या बाकावर बसली आणि पुन्हा जुन्याच वाटेने गेली: लिहून घ्यायचं, पाठ करायचं. पहिल्या चाचणीत पुन्हा तेच झालं. निम्मेसुद्धा गुण नाहीत. त्या दिवशी पर्वत पाटियाच्या चौकातून घरी चालताना तिला उमगलं की दोन्ही वेळा आपण एक गोष्ट केलीच नव्हती. आपण कधी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मॅडम फळ्यावर सूत्र मांडून पुढे निघाल्या, तोच जयश्री उभी राहिली आणि पुन्हा समजावून सांगा, असं गुजरातीतच म्हणाली. "मॅडम, मने समजायुं नहीं. फरीथी समजावो ने."

मागून हसू फुटलं. कुणीतरी म्हणालं, "तिसऱ्या वर्षाची आहे म्हणे!"

जयश्रीचे कान तापले, पण ती बसली नाही. मॅडमनी वर्गाकडे पाहिलं. "बरं, ज्यांना समजलंय त्यांनी हात वर करा." तीनचारच हात वर गेले. मॅडमनी फळा पुसला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

त्यानंतर जयश्रीने एकही तास गप्प बसून काढला नाही. सूत्र कुठून आलं, असंच का, उलटं केलं तर काय होईल? अर्थ कळू लागला तसं पाठांतर आपोआप सुटलं. एकदा सुट्टीत चंचलच वही घेऊन आली, चारचौघींसमोर. "ताई, हे जरा सांग ना."

"ओळख दाखवू का?" जयश्रीने विचारलं.

चंचल ओशाळून हसली आणि मैत्रिणींना म्हणाली, "ही माझी मोठ्या काकांची जयश्रीताई." मग जयश्री शिकवत गेली, आणि भोवती बाकं सरकत गेली.

निकाल लागला तेव्हा दोघी कॉलेजातच होत्या. मोबाइल चंचलच्या हातात होता. ती एवढ्या मोठ्याने किंचाळली की शिपाई धावत आला. थिअरीत दहा, प्रॅक्टिकललाही दहा! जुन्या शून्याचा मागमूस नव्हता, आणि सरासरी साडेसहा ओलांडून गेली होती.

जयश्रीने वडिलांना कापडाच्या कारखान्यात फोन लावला. लूमच्या खडखडाटात त्यांना नीट ऐकू येईना.

"काय व्हयनं? पास ना?"

"दादा, दहापैकी दहा!" ती ओरडली. "एमएस्सीला जाणार मी!"

पलीकडे भटूंनी बाजूच्या कामगाराला हाक मारली, आणि खडखडाटाच्याही वर त्यांचा आवाज चढला, "अरे सुकलाल, मन्ही पोर वर्गमा पहिली उनी!"

पहिली आली की नाही, हे अजून कुणीच पाहिलं नव्हतं. जयश्रीने दुरुस्त केलं नाही. ती हसत हसत मॅडमच्या खोलीकडे पळत सुटली.