मांडीचा फोटो

"खिडक्या लावून घ्या," डॉक्टर म्हणाले, आणि सांगलीच्या त्या दवाखान्यात भर दुपारी अंधार झाला. जोतीरामनं नर्सला आत येऊ दिलं नव्हतं. म्हणून बॅटरी त्याच्या बायकोच्या, सुलाबाईच्या, हातात आली.

जोतीराम रहिमतपुरात बैलांच्या खुरांना पत्र्या मारायचा. उसाचं गळीत तोंडावर आलेलं, कामाची झुंबड. आडव्या पाडलेल्या बैलाच्या पायाचा कासरा सुटला आणि लाथ बसली ती नको त्या जागी. भोवती बायामाणसं, समोर बाप. "मांडीत बसली," एवढंच तो बोलला. इथं आणला तेव्हाही मांडीच म्हणाला, लंगोट सोडू दिला नाही. मांडीचा फोटो निघाला, हाड शाबूत. बापानं, नाथाजीनं, गावात पेढे वाटले. चौथ्या दिवशी जोतीराम तापानं फणफणला. सुलाबाईनं त्याचं धोतर बाजूला केलं आणि तशीच त्याला परत इथं घेऊन आली.

"खालनं धरा बॅटरी. चिकटून."

तिनं धरली.

"नुसतं पाणी साठलं असतं तर उजेड आरपार आला असता," डॉक्टर हळू बोलले. "हे रक्त आहे. दोन्हीकडं."

तिची स्वतःची बोटं उजेडात जास्वंदीसारखी लाल दिसत होती. त्यांच्या वर नुसता काळोख.

"पहिल्या दिवशी सांगितलं असतंत तर एखादं वाचवता आलं असतं. आता दोन्ही काढावी लागतील."

डॉक्टर हात धुवायला गेले. जोतीराम भिंतीकडं तोंड करून म्हणाला, "आबास्नी सांगू नगंस."

"न्हाई सांगत."

"तू दुसरं घर केलंस तरी माझं काय म्हननं न्हाई."

"गप पडा. बॅटरी हलतीया."

गावात एवढंच कळलं, की जांघेतलं गळू कापलं.

तो घरी आला तशी माणसं बघायला लोटली. नाथाजीनं फोटो उन्हाला धरला. "बगा, हाड कसं उसावानी सरळ हाय."

"मग सुले, आता तरी पाळणा हलू दे," शेजारची रंगूबाई म्हणाली. "दोन वर्सं झाली की लग्नाला."

जोतीरामची मान खाली गेली. सुलाबाईनं चहाची कपबशी त्याच्या हातात दिली, ती नीट धरली जाईपर्यंत खालून आपला हात तसाच ठेवला.

"माज्यातच काय तरी उणं असंल, आत्याबाई. त्यांचा फोटू तर तुमी बगितलाच."

फोटो हातोहात फिरत राहिला. पांढऱ्या हाडाभोवती धुरासारखं काहीतरी पुसट उमटलं होतं. तिकडं कुणी बघत नव्हतं.