उलटे लावलेले फोटो

ताईनं मला मागच्या खोलीत हलवलं तेव्हा मी तिचे आभार मानले होते. इतकी मी शहाणी.

पार्लर तिचं, हात माझे. भुवया कोरण्यात माझा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं. पण गेल्या वर्षी मी काळवंडायला लागले. आधी चेहरा, मग कोपरं, मग बोटांची पेरं. "गिऱ्हाईकं इथं उजळायला येतात, चिमे," ताई म्हणाली. "दारात तू दिसलीस तर आल्या पावली परत जातील. थोडे दिवस आत टॉवेलांचं बघ." आई गेल्यापासून मला तिनंच वाढवलं. सूर्य पश्चिमेला उगवतो असं ती म्हणाली असती, तर मी सकाळी तिकडचा पडदा सारला असता.

तिनं माझ्यासाठी स्वतः क्रीम घोटलं. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला खिडकीजवळच्या खुर्चीत बसवून ती माझा फोटो काढायची. "फरक कळायला नको का? हस. दात दिसू देत." मी हसायचे. फरक कळतच होता, दर महिन्याला मी आणखी काळी. अंगातलं त्राण गेलं, कपडे ढगळ झाले, आणि मिठाची अशी हाव सुटली की येता-जाता डबा उघडून चिमूटभर चाटायचे. "नुसते चोचले," ताई म्हणायची. "धीर धर. क्रीम आतून काम करतंय."

एका सकाळी टॉवेल पिळता पिळता डोळ्यांपुढे अंधारी आली. शुद्धीवर आले ती हॉस्पिटलच्या खाटेवर, हाताला सलाईन. टॅक्सीवाल्यानं आणून सोडलं होतं, कारण ताईच्या खुर्चीत गिऱ्हाईक होतं. तेव्हा मला त्याचंही काही वाटलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी माझे तळहात उजेडात धरले, मग ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. "उन्हानं हिरड्या काळ्या होत नाहीत," त्या म्हणाल्या. रक्ताचे रिपोर्ट आल्यावर त्या स्टूल ओढून बसल्या आणि मला कळेल असं सांगितलं. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन ग्रंथी असतात. माझ्या ग्रंथींनी काम टाकलं होतं. मेंदूखालची ग्रंथी त्यांना हाका मारते. त्या ऐकत नाहीत म्हणून आणखी जोरात मारते.

"ही हाक म्हणजेही एक हार्मोनच. ते ज्या लांब साखळीतून तुटून निघतं ना, त्याच साखळीतून आणखी एक हार्मोन निघतं. मेलॅनोसाइट-उत्तेजक. त्वचेतल्या पेशींना ते रंग बनवायला सांगतं. तुमच्या अंगात दोन्ही उतू चाललीत. पेशी बिचाऱ्या हुकूम पाळतायत."

"म्हणजे क्रीमनं..."

"क्रीमचा काय संबंध? गोळ्या घ्याव्या लागतील, जन्मभर. आणखी दोन दिवस उशीर झाला असता तर जिवावर बेतलं असतं. हे सुरू कधी झालं?"

"माझ्या ताईनं दर महिन्याला फोटो काढलेत," मी अभिमानानं सांगितलं. हो, अभिमानानं.

ताई फोन उचलेना. तेव्हा फोटो तिथं असतील म्हणून वॉर्डातल्या नर्सनं मला नाव विचारून आपल्या मोबाइलवर पार्लरचं पान उघडलं. पहिल्याच पोस्टमध्ये मी होते. आठ फोटो, ओळीनं. डावीकडे कोळशासारखी, उजवीकडे गव्हाळ. खाली लिहिलं होतं, 'आमच्या क्रीमची आठ महिन्यांची किमया.' सगळे फोटो उलटे लावले होते. नवा फोटो काढला की तो सगळ्यांत आधी चिकटवायचा, बाकीचे पुढे सरकवायचे. एकीनं विचारलं होतं, या क्रीमनं गालही भरतात का?

नर्स खाली सरकत गेली आणि एकदम थांबली. तीन महिन्यांपूर्वी कुणीतरी लिहिलं होतं, 'पहिल्या फोटोतल्या मुलीच्या हिरड्या बघा. मी हॉस्पिटलात काम करते. हिचं रक्त लगेच तपासा, आजार असू शकतो.' खाली पार्लरचं उत्तर होतं, 'तो फोटो जुना आहे. आता ती ठणठणीत आहे.'

तेव्हा पहिला असलेला तो फोटो त्याच आठवड्यातला होता. त्या दिवशी मला खुर्चीतून उठवत नव्हतं आणि ताईनंच हात दिला होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि लगेच इतकं रडू आलं की सलाईनची सुई हलली.

संध्याकाळी ताई कपड्यांची पिशवी घेऊन आली.

"त्या बाईला उत्तर तू लिहिलंस?"

ती पिशवीतले कपडे बाहेर काढून पुन्हा घड्या घालू लागली. "नसतं लिहिलं तर लोकांना संशय आला असता."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलं असतंस, ती बाई मला कुठं भेटली म्हणून. मग फोटोंचं सांगावं लागलं असतं." मग ती रडली. "मला वाटलं, आपोआप बरं होईल. पार्लर आपल्या दोघींचंच ना, चिमे?"

केसानं गळा कापला होता तिनं माझा, आणि वर माझ्याच जवळ सांत्वन मागत होती. मी तोंड फिरवलं.

मला घरी सोडायच्या दिवशी नर्स छोटा डबा घेऊन आली. आत औषधाची कुपी आणि सिरिंज. "अचानक उलट्या झाल्या, ताप चढला, चक्कर आली, तर हे लगेच मांडीत टोचायचं. नंतर इकडे यायचं. शुद्ध गेली तर घरच्या माणसानं द्यायचं. घरी कोण असतं?"

"मीच," ताई म्हणाली आणि बाह्या सारून पुढं झाली. एकदा दाखवल्यावर तिला जमलं. हात जरासुद्धा हलला नाही तिचा. नर्सनं कौतुकानं वही उघडली आणि नातं विचारलं.

"तिचं नाव लिहू नका," मी म्हणाले. "मला शिकवा."

"अहो, शुद्ध हरपल्यावर स्वतःचं स्वतःला कसं टोचता येईल?"

"नाही येणार."

"मग?"

"तरी मलाच शिकवा."

नर्सनं ताईकडे पाहिलं. ताईनं सिरिंजवर टोपण बसवलं आणि ती माझ्या हातात दिली.