रुखमाच्या वाट्याचा शब्द

शहात्तर सालच्या त्या दिवाळीनंतर धनीराम मास्तरांनी आठवीच्या वर्गापुढं हात टेकले. इंग्रजीतली क्रियाविशेषणं शिकवून तीन आठवडे झाले होते. स्लोला ली लावा, स्लोली होतो. तुलना करायची तर त्याआधी मोअर, सगळ्यांच्या वर न्यायचं तर मोस्ट. एवढं पोरांना पटलं, आणि त्यांनी फास्टचंही फास्टली करून टाकलं. फास्टला ली लागत नाही म्हणून मास्तरांनी दटावलं, तर पोरांनी स्लोलीचाही ली काढून घेतला.

"सर, एकाले लागते तं दुसऱ्याले काहून नाही लागत?" तेजरामनं विचारलं.

"पाठ कर," मास्तर म्हणाले, आणि दिवसभर स्वतःवरच चिडून राहिले.

त्यातच तपासणी आली. अड्याळजवळच्या त्या शाळेत मास्तरांची नोकरी अजून कच्ची होती. तपासणीला येणाऱ्या साहेबांचा शेरा चांगला पडला तरच ती कायम होणार होती. मुख्याध्यापक भय्याजींनी तोड काढली.

"एकेका पोराले एकच शब्द वाटून द्या ना, मास्तर. एक म्हणन स्लोली, दुसरा मोअर स्लोली, तिसरा मोस्ट स्लोली. साहेब काय उलटून विचारून राहिले?"

मास्तरांना हे पटलं नव्हतं. पण नाही म्हणणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं.

तपासणीच्या आदल्या दिवशी शेजारच्या गावची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, भरली. रात्रभर दंडारीचं नाटक, पाहुणे, जिलेबी. तपासणीच्या सकाळी वर्गात अकरा जागा रिकाम्या.

साहेबांनी फळ्यावर स्लो लिहिलं आणि पहिल्या बाकाकडे बोट केलं.

"स्लोली!" तेजराम ठणकावून म्हणाला.

त्याच्या मागची जागा रिकामी होती. तिच्या मागची शकुन उठली. "मोस्ट स्लोली!"

साहेबांनी चष्मा वर सरकवला. "आणि मोअर स्लोली कुठं गेली?"

"मंडईले गेली, सर!" सारा वर्ग एका सुरात म्हणाला.

"कोण?"

"रुखमा! थो शब्द तिचा होय."

"मग तू सांग," साहेब शकुनला म्हणाले.

"मी कायले सांगू, सर? माझा मोस्टचा आहे. तिचा मी कशी घेऊ?"

भय्याजी खिडकीबाहेर पाहू लागले. युक्ती त्यांची होती, हे मास्तरांच्या अगदी ओठांवर आलं.

"मीच वाटून दिले होते, साहेब," ते पुटपुटले.

"मग आणखी सहा महिने कच्चेच राहा, मास्तर. मी पुन्हा येईन. कधी, ते कळवणार नाही."

दुसऱ्या दिवशी रुखमा मंडईच्या फुटाण्यांची पुडी घेऊन थेट टेबलापाशी आली. मास्तरांनी तिच्यासाठी सकाळपासून चांगलं अर्ध्या तासाचं रागावणं जुळवून ठेवलं होतं.

"सर, काल माझा शब्द कोणी म्हटला का?"

जुळवलेलं सगळं विस्कटलं. "नाही."

"मी तं शकुनले सांगून गेली होती, माझाही सांगजो म्हणून!"

"खोटी कुठली! कधी सांगितलं?" मागून शकुन ओरडली.

"चूप!" मास्तरांनी डस्टर आपटलं. खडूची भुकटी त्यांच्याच नाकात गेली. "आजपासून प्रत्येकाला तिन्ही आले पाहिजेत. प्रत्येकाला!"

तेजराम हळूच उठला.

"सर, पण ज्याले तिन्ही येतीन, थोच मंडईले गेला तं?"

मास्तरांनी फळ्यावर कालपासून राहिलेल्या साहेबांच्या स्लोकडे पाहिलं आणि त्याला ली जोडायला खडू शोधू लागले.