बंदीच्या दिवसांतली तीन अंजिरं

मी न्ना फरूजाच्या बागेतलं कासव बोलतोय. आईच्या कवचाची शपथ घेऊन सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे. सगळं मी या दोन डोळ्यांनी पाहिलंय. आता ऐन घटकेला डोळे मिटलेले होते, ही गोष्ट वेगळी. आणि आई म्हणाल तर तीही मी कधी पाहिलेली नाही. अंडी मातीत पुरून ती आपल्या वाटेनं निघून गेली. आमच्यात तशीच रीत आहे.

वयानं मी पंचेचाळिशीचा. पलीकडच्या बांधावरच्या कासविणीला मात्र तिशी सांगितलीय.

फरूजा विधवा होऊन जुर्जुराच्या डोंगरातल्या या बापाच्या बागेत परतली, त्या वसंतातली गोष्ट. जवाच्या शेतात तण काढताना तिनं मला दगड समजून उचललं आणि बांधावर भिरकावायला हात मागं नेला. मी घाबरून मुतलो. "अगंबाई, दगडाला पाझर फुटला!" म्हणत ती इतकी हसली, की हसता हसता रडायला लागली. मग तिनं मला ओच्यात घालून घरी आणलं. त्या दिवसापासून तिचं बोलणं ऐकायला मी, आणि टरबुजाच्या साली घालायला ती. साऱ्या गावाची ती न्ना, म्हणजे थोरली बहीण. माझं तर सगळंच.

ऑगस्ट सरत आला की आमच्याकडं उन्हाचा दात पडतो. पहाटे पाठीवर दव बसतं. उन्हाळाभर तव्यासारखी तापलेली माती पोटाला नुसती कोमट लागते. वेलीवरची द्राक्षं काळी पडतात, भोपळे पानांआडून पोटं बाहेर काढतात, पाकोळ्या तारांवर बसून निघायच्या गोष्टी करतात. आणि अंजिराखाली असा वास सुटतो, की माझ्यासारखा गृहस्थही धावत सुटतो. हसू नका. मी ससाण्याला मागं टाकलंय. तो तेव्हा विरुद्ध दिशेला चालला होता, एवढंच.

पण नेमक्या याच दिवसांत गावात अंजिरांवर बंदी असते. पंच दवंडी देऊन दिवस ठरवतात आणि तोवर कुणी स्वतःच्या झाडाचंही फळ तोडायचं नाही की पाडायचं नाही. ज्याचं झाड आधी पिकलं त्यानं मिटक्या मारायच्या आणि शेजाऱ्यानं बघत बसायचं, हे गावाला चालत नाही. आपोआप गळालेलं खावं. पण चांगलं अंजीर देठ सोडत नाही. जो मोडेल त्याचं नाव भर चौकात पुकारतात. फरूजाचा बाप मरेपर्यंत ही दवंडी देत आला. त्याची लेक बंदी मोडेल का? मान मोडली तरी नाही.

त्या वर्षी तिचा धाकटा भाऊ मज्यान समुद्रापलीकडच्या मार्सेलहून आला होता. तिकडं राहायला गेल्यापासूनच्या चाळीस वर्षांत तो कितीदा आला, पण कधी ईदला, कधी कुणाच्या मयताला. अंजिराच्या दिवसांत एकदाही नाही. आता छातीचं दुखणं जडलं होतं. या फेरीनंतर प्रवास बंद, असं डॉक्टरनं बजावलं होतं. त्याची परतीची बोट गुरुवारची. बंदी उठणार शुक्रवारी.

तो रोज बापानं लावलेल्या झाडाखाली बसायचा आणि वर बघायचा. फरूजानं गेल्या वर्षीची सुकी अंजिरं पुढं ठेवली.

"सुकी तिकडंही मिळतात गं, न्ना."

"मग काय करू? बापाचं नाव चौकात पुकारून घेऊ?"

"मी मागितलं का तुझ्याकडं?"

"तोंडानं नाही मागितलंस. पण तीन दिवस मान वर करून बसलायस. बगळा झालाय नुसता."

शेवटी ती दादा अमोक्रानकडं गेली. अमोक्रान पंचांतला सर्वांत थोरला, बाभळीसारखा वाळलेला आणि तितकाच काटेरी. बागा राखायचं कामही त्याच्याकडंच.

"दादा, एका दिवसाचा तर प्रश्न आहे. एकच फळ."

"तुला सूट दिली, फरूजा, तर उद्या गावातल्या प्रत्येकाचा भाऊ मार्सेलला निघेल."

"परत यायचा नाही तो."

अमोक्रान काठीनं मातीत रेघ ओढत राहिला. "बंदी म्हणजे बंदी," एवढंच म्हणाला. फरूजा घरी आली आणि पिठावर राग काढत बसली.

बुधवारची दुपार. मज्यान घरात सामान बांधत होता. आता माझा पराक्रम ऐका. मला राहवलं नाही. मी बारा पावलं मागं सरलो, मान आत घेतली आणि असा सुसाट सुटलो, की धूळ थेट मशिदीपर्यंत उडाली. खोडावर कवच आदळलं. झाड मुळापासून हादरलं आणि तीन अंजिरं धपाधप खाली पडली!

आवाजानं बहीणभाऊ बाहेर आले. कुंपणापाशी दादा अमोक्रान उभाच.

"फरूजा! कुणी पाडली ही?"

"मला काय ठाऊक? हे बघा, हात पिठात आहेत माझे!"

"मी तर आत होतो," मज्यान म्हणाला.

मग तिघांनी माझ्याकडं पाहिलं. माझं तोंड अंजिरानं बरबटलेलं होतं.

अमोक्राननं घसा खाकरला. "कायदा माणसाला आहे. कासवाला चौकात बोलावून त्याचं नाव काय म्हणून पुकारू? उरलेली दोन उचला. मुंग्या लागतील."

मज्याननं एक उचललं. देठाशी पांढऱ्या चिकाचा थेंब होता, तो बोटाला चिकटला. त्यानं फळ उकललं, अर्धं बहिणीला दिलं, अर्धं तोंडात ठेवलं आणि डोळे मिटले.

"कसं आहे रे?" फरूजानं विचारलं.

"आबांच्या हातचं आहे," तो म्हणाला.

दुसरं अंजीर त्यानं रुमालात बांधून नेलं. गुरुवारी बोट सुटली. तो पुन्हा आला नाही.

तेव्हापासून साऱ्या डोंगरात माझी कीर्ती आहे. बाया दुरून मला बघायला येतात, येताना काकडी आणतात. आता ऑक्टोबर लागलाय. ऑलिव्ह रंग धरतायत, माती ओली झालीय आणि मी कुंपणाशी माझं बीळ उकरतोय. या वर्षीही ऊन मिळालं, साली मिळाल्या, न्नाची बडबड मिळाली. आणखी काय हवं? चार महिने झोपायचंय. निरोप घेतो.

पण झोपण्याआधी मन हलकं करतो. झाड मी हलवलं नाही. मी भोपळ्याच्या पानाखाली झोपलो होतो. कसल्याशा सळसळीनं जागा झालो, तर दादा अमोक्रान चवड्यांवर उभा, काठीचा आकडा फांदीत अडकवलेला, आणि चोरासारखा दोन्हीकडं बघतोय. तीन अंजिरं पडली. त्यातलं एक फोडून त्यानं माझ्या तोंडाला फासलं. "खा रे बाबा," तो कुजबुजला, "आणि पाडल्याचं नाव तू घे. माझं राहू दे."

घेतलं. माझी पाठ टणक आहे.